फॉल्स क्रीकवरचं वल्हं, पॉवेल स्ट्रीटचा फेर

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ड्रॅगन बोटीच्या, म्हणजे वल्ह्यांच्या लांब चिनी होडीच्या, चमूत शिरायचं असेल तर हिवाळा संपायच्या आत नाव द्यावं लागतं. शर्यती जूनच्या उत्तरार्धात असतात, पण नवख्या माणसाला वीसजणांबरोबर एका लयीत वल्हं मारता यायला पूर्ण वसंत ऋतू जातो. आमच्या ऑफिसातल्या एकीनं यादी फिरवली, तेव्हा बाहेर बारीक पाऊस होता आणि वर डोंगरांवर बर्फ. यादीच्या वर लिहिलं होतं, अनुभवाची गरज नाही, लाइफ जॅकेट मिळेल. मी सही केली. त्याआधीचे उन्हाळे मी काठावर उभी राहून शर्यती बघितल्या होत्या आणि दर वेळी वाटायचं, की यातलं खरं काहीतरी आपल्याला इथून दिसत नाही.

सराव फॉल्स क्रीकच्या टोकाशी, सायन्स वर्ल्डच्या घुमटाजवळच्या धक्क्यावर. फॉल्स क्रीक म्हणजे शहराच्या पोटात शिरलेली समुद्राची खाडी. आज तिच्या दोन्ही काठांना काचेचे उंच मनोरे आहेत, पण एके काळी इथं लाकडाच्या गिरण्या आणि रेल्वेची यार्डं होती. १९८६ साली याच काठावर एक्स्पो भरलं, आणि त्या निमित्तानं हाँगकाँगहून सहा सागवानी ड्रॅगन बोटी व्हँकुव्हरला आल्या. प्रदर्शन संपलं, बोटी राहिल्या. त्यांच्यावर इथल्या लोकांनी वल्हवायला सुरुवात केली आणि १९८९ पासून शहराचा ड्रॅगन बोट उत्सव भरू लागला. आता सरावाच्या बोटी फायबरच्या असतात, ड्रॅगनचं डोकं आणि शेपूट फक्त शर्यतीच्या वेळी बसवतात. पहिल्या संध्याकाळी समोर आली ती लांबलचक, अरुंद, अगदी साधी होडी. साधारण बारा मीटर लांब. दहा फळ्या, एकेका फळीवर दोघं.

आमची प्रशिक्षक पन्नाशीची, आवाज खणखणीत. पाण्यावर नेण्याआधी तिनं आम्हाला धक्क्यावरच बसवलं. बाहेरची मांडी होडीच्या कडेला घट्ट दाबायची, पाय पुढच्या फळीखाली रोवायचे. वरचा हात वल्ह्याच्या मुठीवर, खालचा पात्याच्या जरा वर. मग कमरेतून वळायचं, इतकं की छाती शेजाऱ्याकडे यावी, आणि हात लांब करून पातं पाण्यात उभं रोवायचं. "पाणी मागे ढकलू नका," ती म्हणाली. "पातं पाण्यात रोवा आणि होडी त्याच्यापर्यंत आणा." मांडीशी आलं की पातं बाहेर. त्याच्या मागे नेलं तर ते होडीला खाली ओढतं आणि वेग मोडतो.

हे सगळं कळायला सोपं आहे. एप्रिलच्या गार पाण्यात, बाहीतून कोपरापर्यंत ओघळ येत असताना, शेजारच्याच्या वल्ह्यावर आपलं वल्हं न आपटता करायला अवघड आहे. सुरुवातीचे सराव खटाखट आवाजातच गेले. दंड दुखायचे, आणि प्रशिक्षक म्हणायची की दंड दुखतोय म्हणजे पाठ वापरली नाही. हळूहळू दुखणं दंडातून खांद्याच्या मागे, मग बरगड्यांच्या बाजूला सरकलं. ज्या दिवशी मांड्या भरून आल्या, त्या दिवशी ती खूश झाली.

काठावरून पाहणाऱ्याला वाटतं, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसलेला ढोलवाला ठोका देतो आणि त्याबरहुकूम वल्ही पडतात. होडीत बसल्यावर उलट कळतं. लय धरतात ते पहिल्या फळीवरचे दोघं. ढोलवाल्याचं तोंड चमूकडे असतं, तो त्या दोघांच्या वरच्या हातांकडे पाहून ठोका घालतो. मागच्यांनी मान वर ठेवून, तिरकी नजर टाकत त्याच दोघांची वल्ही पाहायची. मधल्या फळ्यांवर ताकदवान माणसं, कारण होडी तिथं सर्वांत रुंद असते. शेवटी सुकाणू धरून उभी असते ती एकटी, आणि तिचा शब्द अखेरचा. तिनं थांबा म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. मला तिसरी फळी मिळाली, डावी बाजू. आपल्या पात्याकडे बघायचं नाही हा नियम तिथं बसल्यावरच पटला. आपल्या पात्याकडे बघणारा माणूस हमखास अर्धा क्षण मागे पडतो.

मेच्या मध्यावर एका संध्याकाळी वीस पाती एकदम पाण्यात गेली. आवाज एकच झाला, जड आणि खोल, आणि होडी खालून उचलल्यासारखी पुढे गेली. पाचसहा वल्ह्यांत ते पुन्हा मोडलं. पण त्यानंतर कुणालाच सराव चुकवावासा वाटला नाही.

त्याच सुमारास चिपळूणहून आई आली. मी रोज ओली होऊन घरी येते हे तिला अजिबात पसंत नव्हतं. तिला एकदा धक्क्यावर घेऊन गेले, आणि तिथं तिला जे दिसलं ते मी आधी सांगितलेलं नव्हतं. गुलाबी टोप्या घातलेल्या बायकांची एक होडी धक्क्याला लागत होती. पन्नाशी-साठीच्या, काही त्याहून मोठ्या. सगळ्यांना स्तनांचा कर्करोग होऊन गेलेला.

ही गोष्ट याच खाडीत सुरू झाली. १९९६ पर्यंत डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा असे, की शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाईनं त्या हातानं जोराचं, वारंवार एकच हालचाल असलेलं काम करू नये, नाहीतर हाताला कायमची सूज येते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांना हे पटत नव्हतं. त्यांनी अशा २४ बायका जमवल्या, त्यांना व्यायाम देऊन तयार केलं आणि ड्रॅगन बोटीत बसवलं. वल्हवणं मुद्दामच निवडलं, कारण तो व्यायाम जोराचा आहे, सारखा तोच आहे आणि सगळा वरच्या अंगाचा आहे. त्या जूनमध्ये 'अब्रेस्ट इन अ बोट' हा चमू इथल्या उत्सवात उतरला. एकीच्याही हाताला नव्यानं सूज आली नाही, ज्यांना आधी होती त्यांची वाढली नाही. १९९८ साली मॅकेन्झींनी हे कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आज जगभरात अशा बायकांचे तीनशेहून अधिक चमू आहेत.

आई ऐकत राहिली. माझ्या धाकट्या मावशीची शस्त्रक्रिया होऊन बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिनं त्या हातानं पाण्याची बादली उचललेली नाही. तिला तसंच सांगितलं होतं आणि तिनं ते जिवापाड पाळलं. आई त्या होडीतून उतरणाऱ्या एकीच्या हाताकडे बघत होती. मग मला म्हणाली, "हिला विचार, दुखत नाही का." मी विचारलं. ती बाई हसली आणि म्हणाली, दुखतं ना, सगळ्यांचंच दुखतं, वल्हवल्यावर दुखायलाच हवं. रात्री आईनं मावशीला फोन लावला आणि फार वेळ बोलत बसली. मी एवढंच सांगितलं, की आधी डॉक्टरांना विचार आणि हळूहळू वाढव, या बायकांनीही आधी व्यायाम केला आणि मगच त्या होडीत बसल्या.

चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातली पाचवी तिथी हा ड्रॅगन बोटींचा मूळ सण. त्यामागची सर्वांत प्रसिद्ध कथा छू राज्यातला कवी आणि मंत्री छू युआन याची. राजाच्या मर्जीतून उतरल्यावर त्याला हद्दपार केलं. शत्रूनं राजधानी घेतल्याचं कळल्यावर इसवी सनपूर्व २७८ मध्ये त्यानं मिलुओ नदीत उडी घेतली, असं सांगतात. लोक होड्या घेऊन त्याला शोधायला धावले, माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून ढोल बडवले आणि पाण्यात भात टाकला. शर्यतींचं आजचं आंतरराष्ट्रीय रूप हाँगकाँगमध्ये १९७६ पासूनचं, आणि हा सण २००९ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. पण ढोल आणि भात मात्र त्या जुन्या कथेतले.

तो भात म्हणजे जूंग. चायनाटाऊनमधल्या एका जुन्या सभागृहात सणाआधी ते वळायला शिकवणार होते. आईला घेऊन गेले. शिकवणारी बाई ऐंशीच्या पुढची, सगळे तिला पो-पो म्हणत, म्हणजे आजी. बांबूची वाळकी पानं रात्रभर भिजवून, उकळून, एकेक पुसून ठेवलेली. चिकट तांदूळ भिजवलेला. शेजारी सालं काढलेली मुगाची डाळ, शेंगदाणे, काळे मशरूम, आणि दुसऱ्या टोकाला डुकराचं मांस, सॉसेज आणि खारवलेल्या अंड्यांचे बलक. पो-पोनं आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर आमच्यासमोर वेगळी परात मांडली. दोन पानं एकावर एक जरा सरकवून धरायची, मधे वळवून शंकू करायचा. खाली भोक राहिलं तर उकळताना सगळं बाहेर. तांदूळ, डाळ, शेंगदाणे, मशरूम, वर पुन्हा तांदूळ. मग पानाचं उरलेलं टोक झाकणासारखं वर ओढून कडा दाबायच्या आणि सुती दोऱ्यानं बांधायचं. फार आवळलं तर तांदूळ फुगायला जागा नाही, ढिलं राहिलं तर पाणी शिरतं.

माझी पानं फाटत होती. आईचा पहिलाच जूंग पो-पोनं हातात घेतला, फिरवून पाहिला आणि टेबलावरच्या सगळ्यांना दाखवला. हळदीच्या पानांत पातोळे करण्यात आयुष्य गेलेल्या बाईला पान कुठं दुमडतं आणि कुठं चिरतं हे सांगावं लागत नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काही अडलंही नाही.

जूंग तीन-चार तास शिजतात, त्यामुळे बसून गप्पा झाल्या. पो-पोची नात इंग्रजीत सांगत होती. पो-पोचे वडील व्हँकुव्हरला, आई चीनच्या ग्वांगदोंगमधल्या तायशानला, आणि कित्येक वर्षं दोघांची भेट नाही. का, हे कळायला इथला इतिहास माहीत असावा लागतो. कॅनडाच्या पॅसिफिक रेल्वेवर हजारो चिनी मजूर राबले. १८८५ साली रेल्वे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलरचा कर बसला. १९०० मध्ये तो १००, १९०३ मध्ये ५०० डॉलर झाला. १ जुलै १९२३ पासून तर दारच बंद केलं, ते उघडलं १९४७ साली. मधल्या काळात चायनाटाऊन हे बायको-मुलांवाचून राहणाऱ्या पुरुषांचं गाव झालं. पेंडर स्ट्रीटवरच्या १८८९ च्या विंग सांग इमारतीत आता चिनी कॅनेडियन संग्रहालय आहे. ते उघडलं १ जुलै २०२३ ला, बंदीला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी. पहिल्या प्रदर्शनात त्या काळच्या ओळखपत्रांच्या रांगाच रांगा होत्या, प्रत्येकावर फोटो. कार्यशाळेला जाणाऱ्यानं आधी हे संग्रहालय पाहावं असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. त्यानंतर त्या सभागृहातला शिजत्या पानांचा वास वेगळा लागतो.

शर्यतीचा दिवस वेगळा सांगण्यासारखा आहे तो एका कारणानं. पहाटे पाऊस, नंतर ऊन, काठावर हजारो माणसं. होड्यांना डोकी बसवली होती, आणि शेंदरी रंगात बुडवलेल्या कुंचल्यानं ड्रॅगनच्या डोळ्यांत बुबुळ भरण्याचा विधी झाला. डोळे भरेपर्यंत ड्रॅगन झोपलेला मानतात. ज्यांच्या भूमीवर हे शहर उभं आहे त्या मस्क्वीम, स्क्वॉमिश आणि स्लेल-वॉटुथ लोकांचं स्मरण झालं. या पाण्यावर वल्हवणारे पहिले लोक ते. मग आमची ५०० मीटरची शर्यत. सुरुवातीची काही वल्ही आखूड आणि खोल, मग लांबवायचं, मग शेवटच्या शंभर मीटरला ओरडा. तीन मिनिटांच्या आत संपतं. आमच्या गटात आम्ही मधे कुठंतरी आलो आणि प्रशिक्षकेनं प्रत्येकाला मिठी मारली.

दुपारी गुलाबी चमूंच्या होड्या पाण्याच्या मधोमध एकमेकींना लागून उभ्या राहिल्या. बायकांनी शेजारच्या होडीची कड धरून ठेवली. गेलेल्या मैत्रिणींसाठी सगळ्यांनी हातातली गुलाबी कार्नेशनची फुलं वर धरली आणि पाण्यात सोडली. आईनं हे सगळं मावशीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मावशी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या मागच्या होडीतली बाई माझ्याएवढी असेल नाही का?"

जुलैत चायनाटाऊनचा उत्सव. सिंहनृत्य मला इतकं जवळून कधी दिसलं नव्हतं. डोकं बांबूच्या सांगाड्यावर कागदाचं, आतला माणूस दोरीनं पापण्या आणि तोंड हलवतो, मागचा संपूर्ण वेळ वाकलेला. कुंग-फूच्या आखाड्यांतली मुलंमुली हे करतात, आणि दोन सिंहांपैकी एकाच्या आत शिरलेली मुलगी बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती. सुलेखनाच्या टेबलावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बोरू धरल्यासारखा कुंचला धरू दिला नाही, मनगट टेबलावरून उचलायला लावलं. उभी रेघ ओढताना हात खांद्यापासून यायला हवा, हे मला होडीनं आधीच शिकवलं होतं.

गर्दीनं दमल्यावर आम्ही डॉ. सन यत-सेन उद्यानात गेलो. चीनमधल्या सुजौहून आलेल्या पन्नासहून अधिक कारागिरांनी मिंग राजवटीच्या काळातल्या विद्वानांच्या बागेसारखं ते बांधलं आणि १९८६ मध्ये ते उघडलं. खिळे नाहीत, स्क्रू नाहीत, सगळं लाकूड खाचांत बसवलेलं. दगडसुद्धा ताई सरोवराचे, पाण्यानं पोखरलेले. एक गोष्ट मात्र मनाला लागते. उद्यानाच्या जवळून जाणारा उड्डाणपूल मूळ एका द्रुतमार्गाचा तुकडा आहे. तो मार्ग पूर्ण झाला असता तर चायनाटाऊन मधोमध कापलं गेलं असतं. साठच्या दशकाच्या अखेरीला चिनी रहिवाशांनी, त्यांत घराघरांत जाऊन समजावणाऱ्या बायकांनी, तो अडवला. शेजारच्या हॉगन्स ॲलीतल्या कृष्णवर्णीयांची वस्ती मात्र पुलाखाली गेली.

ऑगस्टच्या पहिल्या लांब सुट्टीत जपानी कॅनेडियनांचा पॉवेल स्ट्रीट उत्सव भरतो. तिथं मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. कचरा वेगळा करणाऱ्या टेबलाशी उभं राहायचं, कुठल्या डब्यात काय ते सांगायचं. हे काम मिळालं याचा आनंद आहे, कारण एका जागी उभं राहिलं की सगळा उत्सव समोरून जातो: शिगांवर भाजलेला सामन मासा, सुमो, इकेबाना म्हणजे फुलांची जपानी मांडणी, आणि पोटात घुमणारा तायको, म्हणजे जपानी ढोल. कॅनडातला पहिला तायको चमू, काटारी तायको, १९७९ मध्ये याच शहरात सुरू झाला.

पॉवेल स्ट्रीटवरच्या ओपनहायमर पार्कच्या भोवती दुसऱ्या महायुद्धाआधी जपानी दुकानं, स्नानगृहं, शाळा होती. पार्कच्याच मैदानावर असाही नावाचा जपानी तरुणांचा बेसबॉल चमू १९१४ पासून १९४१ पर्यंत खेळला. १९४२ मध्ये सरकारनं किनाऱ्यावरच्या सगळ्या, सुमारे २२ हजार जपानी कॅनेडियनांना घरांतून काढून आतल्या छावण्यांत पाठवलं, त्यांची घरं आणि मासेमारीच्या होड्या विकून टाकल्या. परत यायची मुभा मिळाली ती १९४९ साली. तोवर परतण्यासारखं काही उरलं नव्हतं. १९७७ मध्ये पहिला जपानी स्थलांतरित येऊन शंभर वर्षं झाली, तेव्हा त्यांच्या मुलानातवंडांनी याच रस्त्यावर हा उत्सव सुरू केला.

आज हा भाग शहरातला सर्वांत गरीब. २०१९ साली पार्कात बेघर माणसांचे तंबू होते. त्यांना उठवून उत्सव करायचा नाही, आपल्या माणसांना इथून एकदा उठवलेलं आहे, असं म्हणून आयोजकांनी तो भोवतालच्या रस्त्यांवर भरवला. तीनही उत्सवांत मला हा सर्वांत प्रिय आहे तो याच्यासाठी.

संध्याकाळी माझी पाळी संपली आणि रस्त्यावर फेर सुरू झाला. कोळशाच्या खाणीतल्या जपानी मजुरांचं नृत्य. फावड्यानं दोनदा उकरायचं, कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, हात कपाळाशी नेऊन चंद्र बघायचा, मग दोन्ही हातांनी ढकलगाडी ढकलत पुढे. आधी कुणी शिकवत नाही. पुढच्याकडे बघत आत शिरायचं. आई पदर खोचून शिरली. तिच्या पुढे किमोनोतली एक आजी, मागे त्याच वस्तीत राहणारा एक दाढीवाला माणूस, तो दर वर्षी नाचतो असं त्यानं सांगितलं. दुसऱ्या फेरीला आईचे हात बरोबर पडू लागले.

आई सप्टेंबरात परत गेली. मावशीनं फिजिओथेरपिस्टकडे जायला सुरुवात केली आहे, सध्या पाव किलोची पिशवी उचलते. मी तायकोच्या वर्गाला जाते. अजून मोठ्या ढोलाला हात लावू देत नाहीत, आम्ही मोटारीच्या जुन्या टायरवर काठ्या मारतो, आणि शिक्षिका ओरडते, हातानं नाही, कमरेतून.